भंगार विकत मिळत नाही

कोणतीही वस्तू हातात आली की काका आधी ती उलटी करून बघायचे. कप असो, कुणाचं नवं घड्याळ असो, नाहीतर ताटलीतला अनारसा. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बिघडलेले किती?"

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्या शेजाऱ्यांच्या वास्तुशांतीला त्यांनी हा प्रश्न थेट यजमानीणबाईंनाच विचारला. बिचारीचा चेहरा पडला. काकूंनी कोपराने ढोसलं तेव्हा काका घाईघाईने म्हणाले, की अनारसा उत्तम आहे, पण उत्तम झालेल्याकडून आपल्याला काय कळणार? मग ती हळूच म्हणाली, पहिला अख्खा घाणा तुपात हसला, सगळे विरघळून गेले. झालं! काका तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ किती दिवस भिजवले, तूप किती तापलं होतं, गूळ कोणता, हे अर्धा तास विचारत बसले. इकडे पानं खोळंबली.

काका धातूंचे इंजिनिअर. तरुणपणी नागपूरहून अमेरिकेत आले आणि जेट इंजिनांची पाती ओतणाऱ्या एका कारखान्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. नंतर मुलीजवळ राहायचं म्हणून आमच्या गावात आले. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बिघडलेलं पुसून टाकतात आणि झालं गेलं विसरतात. त्यामुळे मला या माणसाचं भारी कुतूहल. शनिवारी सकाळी तळ्याभोवती फिरताना मी त्यांना प्रश्न विचारून पिडायचो, आणि त्यांना ते आवडायचंही.

एकदा मी बातमी वाचून गेलो होतो. चीनने वर्षानुवर्षं आपल्या लढाऊ विमानांना रशियाकडून घेतलेली इंजिनं बसवली, आता बरीचशी स्वतःची बसवतात. मी म्हटलं, "काका, माझा फोन तिकडे बनतो, काकूंचा मिक्सर तिकडे बनतो. मग एक इंजिन ओपन करून कॉपी करायला यांना एवढी वर्षं का लागली?"

काका चालता चालता थांबले. म्हणाले, इंजिनात जो वायू पात्यावर येतो त्याच्या उष्णतेने ते खरं तर वितळून जायला हवं. ते टिकतं, कारण आतून गार हवेला बारीक वाटा ठेवलेल्या असतात, आणि अख्खं पातं म्हणजे धातूचा एकच स्फटिक असतो. एवढं पुस्तकातही आहे. उघडून, कापून, मोजूनही कळतं.

"मग अडतं कुठे?"

"इंजिन विकत मिळतं रे. भंगार विकत मिळत नाही."

एका चांगल्या पात्यामागे टाकून दिलेल्या पात्यांचा ढीग असतो, असं त्यांचं म्हणणं. कुठलं कशाने तडकलं, कुठल्यात नको तो दुसरा स्फटिक का वाढला, हे ज्यांनी ती टाकली त्यांच्या डोक्यात राहतं. विकणारा इंजिन देतो, ढीग देत नाही. ज्याचा त्याने करायचा. चीनने केला. आपल्याकडे भारतात अजून करताहेत. ढिगाची लाज वाटली की खेळ खलास.

याच्या पलीकडे मात्र काका कधी गेले नाहीत. नोकरीत लागताना गुप्ततेच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि सही म्हणजे सही. काकू म्हणायच्या, जन्मभर डबा दिला, पण डबा कुठल्या कामावर खाल्ला ते कळलं नाही. त्यांच्या नातीला शाळेत आजोबांबद्दल बोलायचं होतं, तर ती वर्गात म्हणाली, "ही मेड फॅन्स." म्हणजे आजोबा पंखे बनवायचे. काकांनी ही गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगितली. इतक्या वेळा सांगितली, की ती त्यांना लागली होती हे मला कळलं.

आणि एका वसंतात त्यांना ईमेल आली. चीनमधल्या कुठल्याशा संस्थेचं आमंत्रण होतं, ओतकामावर व्याख्यान द्यायला या म्हणून. काका हरखले. त्याच दिवशी 'जरूर येतो' असं उत्तर पाठवून मोकळे. नवा सूट घेतला, महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला घालूनही आले. काकूंनी चीनची भिंत बघायची म्हणून बूट घेतले.

मग दुसरी ईमेल आली. श्रोत्यांना काय काय जाणून घ्यायचंय, त्याची यादी. काकांनी मला बोलावून घेतलं. यादीचा कागद टेबलावर होता आणि काकांचा चेहरा बोर्डात आलेल्या मुलासारखा.

"यातला चौथा प्रश्न," असं म्हणून त्यांनी कागदावर तळहात ठेवला. मला वाचू दिला नाही. "हा मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नाही. माझ्या बॉसनेसुद्धा नाही."

"म्हणजे ते अजून अडकलेत?"

"उलट. ज्याला हा प्रश्न पडतो, तो दारापर्यंत आलेला असतो."

"तुम्हाला येतं उत्तर?"

"बहुतेक मलाच येतं."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मला जायचं होतं रे."

त्यांनी माझ्यासमोर जुन्या कंपनीला फोन लावला आणि आमंत्रणापासून यादीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी जरा चाचरत विचारलं, की चौथ्या प्रश्नाचं उत्तर निदान तुम्हाला हवंय का? मी येऊन सांगू शकेन. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात आभार मानले आणि अशा आमंत्रणाची नोंद ठेवायला, रिपोर्टला, एवढं पुरे आहे, असं सांगितलं. काकांनी फोन ठेवला, चीनला दोन ओळींचा नकार लिहिला आणि फिरायला चल म्हणाले. मला त्या मुलीचा संताप आला होता. काकांना आला नाही, किंवा त्यांनी दाखवला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका अचानक गेले. त्यांचे चार जुने सहकारी दिवसभर गाडी हाकून आले. शोकसभेत एकेक जण उठला. "एकदा आमची भट्टी अडली होती आणि याने..." असं म्हणायचा, बाकीच्या तिघांकडे बघायचा आणि थांबायचा. सह्या त्यांनीही केल्या होत्या. शेवटचा थोराड गोरा गृहस्थ तर तेवढंही न बोलता रडायला लागला.

काकूंना मी माझ्या गाडीतून घरी आणलं. गाडी हायवेला लागली.

"एवढा मोठा माणूस रडला," त्या म्हणाल्या. "काय केलं होतं रे ह्यांनी?"

इतके शनिवार मी त्यांच्याबरोबर चाललो होतो. नेमकं काय, ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. फार मोठं काम होतं काकू, एवढंच म्हणालो.

"चीनला सांगायचं राहिलं, तेच का?"

मी हो म्हटलं.

काकूंनी पर्स मांडीवर नीट ठेवली.

"मला सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी कोणाला सांगणार होते?"