कलम खरं होतं

नळदुर्गकर साहेबांच्या अंगणात कुठलंही पोतं तोंडाकडून उघडलं जात नसे. गहू असो, सिमेंट असो की माझं शेणखत, ते आधी उलटं केलं जाई, तळाची शिवण उसवली जाई आणि साहेब उकिडवे बसून आतला पहिला ओंजळभर माल हातावर घेत. "वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो," ते म्हणत. "दुकानदार काय अन् माणूस काय. तळाला काय भरलंय ते बोल."

ही सवय नोकरीतली. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी जिल्ह्यातले सगळे बाजार पालथे घातले होते. परंड्याच्या बाजारात त्यांची जीप शिरली की व्यापारी खोटी वजनं धान्याच्या ढिगात लपवत, आणि साहेब आधी ढिगातच हात घालत, असं लोक अजून सांगतात. एक पैसा कुणाकडून घेतला नाही. निवृत्त झाल्यावर धाराशिवच्या कडेला मुरमाड जागेत त्यांनी घर बांधलं आणि भोवती बाग करायचं ठरवलं. त्या वेळी मी या धंद्यात नवा होतो. सोनारीकडच्या एका वाडीतला माणूस मी. कुर्डुवाडीजवळच्या रोपवाटिकेत पाच वर्षं दुसऱ्याची कलमं बांधली, मग एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला आणि स्वतःचं बागकाम सुरू केलं. मालक मी, माळी मी, हमालही मीच.

पहिल्याच दिवशी साहेबांनी माझं तिसरं पोतं उलटं केलं आणि तळाशी माती निघाली. लपवत नाही, ती मीच भरली होती. तेव्हा सगळेच भरत, आणि मी सगळ्यांपेक्षा कमी भरत असे. पण पकडला गेलो की माझा आवाज चढतो.

"साहेब, खत म्हंजी शेवटी मातीच की!"

"मग मातीच्या भावात दे."

मला हसू आलं. साहेब हसले नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "धंद्यात टिकशील तू. माझ्याकडं टिकतोस का ते बघू."

मला वाटलं, आता हाकलणार. पण त्यांनी काम दिलं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुझी चोरी कुठं असते ते मला कळलं. दुसरा आणला तर त्याची पहिल्यापासून शोधावी लागंल."

त्यानंतर दोन वर्षं मी तिथं जात होतो आणि एकही दिवस त्यांनी माझ्यावरची नजर हटवली नाही. मी खड्डा खणला की साहेब खिशातून लाकडी घडीची पट्टी काढून खोली मोजत. मी पाणी प्यायला गेलो की माझी पिशवी चाचपत. संध्याकाळी टेम्पो निघताना मागचं फळकं उघडून आत डोकावत. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकदा चहा देताना हळूच म्हणाल्या, "तुम्ही मनावर घेऊ नका हो. लग्नात माझ्या माहेरचं सोनंसुद्धा ह्यांनी पुन्हा तोलून घेतलं होतं."

"भरलं का बरोबर?"

"गुंजभर जास्तच भरलं. तर आठ दिवस ह्याच विचारात, की जास्त का दिलं!"

एक मात्र कबूल करतो. त्यांचं माप दोन्हीकडं सारखं होतं. हिरवळ लावताना मी घाईत जागा कमी मोजली, तेव्हा त्यांनीच पट्टी फिरवून मला थांबवलं. "तुझं नुकसान होतंय. चाळीस फूट जास्त आहे. धर." दुसरा कुणी गप्प राहिला असता, मी तर राहिलोच असतो. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांचा माझ्यावर बसला नाही.

तरीही सगळं निभावलं असतं. मोडलं ते आंब्यापायी.

काकूंना दारात केशर हवा होता. मी रोपवाटिकेत उभं राहून कलम निवडलं, स्वतः लावलं, आणि जोडावर बोट ठेवून साहेबांना समजावलं: खालचं खोड गावठी कोयीचं, वर बांधलेली काडी केशरची. जोडाच्या खाली जे फुटेल ते गावठी, ते दिसलं की खुडायचं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकणं आणि मानणं यांत त्यांच्याकडं मोठं अंतर होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात खालून एक फुटवा निघाला, चांगला हातभर, तांबूस पानांचा, जोमदार. वरची काडी अजून जेमतेम होती. मी कात्री लावली तोच साहेबांनी माझं मनगट धरलं.

"जोमानं वाढतंय नेमकं तेवढंच तोडतोस?"

"साहेब, ते गावठी हाय. वरच्याला खाऊन टाकंल."

"नेणार कुठं ते?"

"उकिरड्यावर. आंब्याची फांदी लावून झाड होतंय व्हय?"

"मग कलम कशाचं बांधतात? फांदीच्या काडीचंच ना? माझ्या केशरच्या काड्या नेऊन तू दहा कलमं बांधणार अन् दहा दारात विकणार. मला मालूम नाही वाटलं तुला?"

अर्धं ज्ञान असलेल्या माणसाशी भांडणं फार अवघड. काडीचं कलम होतं हे त्यांचं खरं होतं. ती काडी केशरची नव्हती, एवढंच चुकत होतं. आणि ज्याच्या पोत्यात एकदा माती निघाली, त्याचं खरं कोण ऐकणार? माझं डोकं फिरलं. कात्री हिरवळीत फेकली आणि म्हणालो, "पोसा मग त्यालाच. तोडायला म्या पुन्यांदा येणार न्हाय." गेलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

मधल्या चार-पाच वर्षांत माझा धंदा वाढला. तुळजापूर, ढोकी, इकडं बार्शीपर्यंत कामं मिळू लागली. मग गावात एका संस्थेची नवी शाळा उभी राहिली. मैदानाभोवती झाडं, समोर हिरवळ, फाटकापासून दुतर्फा फुलझाडं, असं आजवरचं माझं सगळ्यात मोठं काम. मी जागा मोजली, रोपांचे नमुने दाखवले, भावावरून संस्थेच्या अध्यक्षांशी तीन बैठका घासाघीस केली. चौथ्या बैठकीत ते हो म्हणणार हे मला दिसत होतं.

हे अध्यक्ष रोज संध्याकाळी फिरून झाल्यावर साहेबांच्या फाटकासमोरच्या लिंबाखाली बाकावर बसत. चार-पाच जाणती माणसं असत. त्याच उन्हाळ्यात साहेबांच्या आंब्याला पहिली फळं आली. बारीक, आंबट, नुसत्या दोऱ्यांची. साहेब ती ताटलीत घालून बाकापाशी घेऊन गेले आणि माझं नाव घेऊन म्हणाले, "चाखा. हा त्यानं दिलेला केशर."

चौथी बैठक झालीच नाही. मी अध्यक्षांना गाठलं तेव्हा ते खरंच अवघडले होते. "साहेबांनी आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं. त्यांच्या शब्दापुढं मी तुमची बाजू कशी घेऊ?" आठवड्याभरात गावात माझी ओळख झाली: खोटी कलमं देणारा. आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. रोप घेताना माणूस काडी घेतो आणि शब्द घेतो. फळ दिसायला वर्षं जातात.

मी करवत आणि खुरपं घेऊन साहेबांच्या दारात गेलो. भांडायलाच गेलो होतो. काकू मध्ये आल्या, त्यांना बाजूला व्हा म्हणालो, आणि झाडाच्या बुडाशी बसून पालापाचोळा खरवडला. वीतभर उंचीवर जोड होता. जोडाच्या वर बोटाएवढा वाळका खुंट, त्याला मी बांधलेली प्लास्टिकची पट्टी अजून चिकटलेली. आणि जोडाच्या खालून निघालेला तो फुटवा, आता मांडीएवढा जाड, सगळं झाड होऊन बसलेला.

साहेबांनी घरातून भिंग आणलं. तराजूवरचे शिक्के तपासायचं तेच भिंग. गुडघे टेकून बराच वेळ बघितलं.

"हा वाळलेला म्हणजे केशर?"

"व्हय."

"आणि हा वाढला तो..."

"तुम्ही माझा हात धरला हुता, तो."

ते मुरमावरच बसले. भिंग खिशात घालायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. मग म्हणाले, "चूक माझी."

"मला सांगून काय उपेग? तुम्ही चार लोकांत बोललात, चार लोकांत माघारी घ्या. समोर बाक हाय."

साहेबांनी मान हलवली. "मी एकदा चुकलो म्हणालो, की ज्यांचे ज्यांचे तराजू मी जप्त केले ते सगळे उद्या या फाटकात उभे राहतील. म्हणतील, आमच्याही बाबतीत तुमचं चुकलंच असंल."

"अन् माझं?"

त्यांनी झाडाच्या खोडावर हात ठेवला. मग म्हणाले, "याच झाडावर पुन्हा केशर बांध."

मी का बांधलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पुरा दर लावला आणि साहेबांनी घासाघीस केली नाही, तेव्हा तर मला जास्तच संशय आला. वाटलं, हा माणूस मला काम देऊन गप्प बसवतोय. पण हेही वाटलं, की उद्या झाडालाच केशर लागला तर बाकावरच्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. झाड कमरेएवढं ठेवून वरचं कापलं, नवे फुटवे आले, त्यांच्यावर केशरच्या काड्या बांधल्या. त्यानंतर तीन वर्षं खालचा एकेक कोंब साहेबांनी स्वतः खुडला. वाकायला त्रास होई, तर स्टूल घेऊन बसत. मला फोन येई: "आज दोन निघाले होते. काढले. जोडाच्या खालचेच होते, पट्टीनं मोजून बघितलं."

मी "बरं" म्हणून ठेवून देई. झाडाची माफी मागत होते, माझी नव्हे.

एक मात्र मी त्यांच्यामुळं शिकलो. आता कुठंही कलम लावलं की मी मालकाला समोर उभं करतो, जोड दाखवतो आणि पहिला फुटवा त्याच्याच हातानं तोडायला लावतो. तोडलेलं त्याच्याच दारात टाकून येतो. लोक हसतात. हसू देत.

तिसऱ्या उन्हाळ्यात झाडाला अकरा फळं लागली. साहेबांनी बोलावलं म्हणून गेलो. संध्याकाळची वेळ, ओट्यावर ताटली, त्यात कापलेल्या केशरी फोडी. साहेब खूप वाळले होते. म्हणाले, "केशर आहे. असली."

"हे आपल्या दोघांतच बोलून काय फायदा, साहेब? बाक भरलाय बघा. अध्यक्षबी बसल्यात."

साहेबांनी रस्त्याकडं बघितलं. मग ताटली उचलली आणि उठले. काठी न घेता चालत फाटकापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. मी ओट्यावरून बघत होतो. पलीकडं कुणीतरी मोठ्यानं हसलं, कशावर ते कळलं नाही. साहेब तसेच उभे राहिले. मग वळले आणि ताटली माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "सगळ्यांना पुरणार नाही."

ते खरंच बोलायला गेले होते, की मला दाखवायला फाटकापर्यंत चालले, ही शंका माझ्या मनातून अजून जात नाही. पावसाळ्यात ते गेले. मातीला मी गेलो होतो, अध्यक्षही होते, आणि तिथं मी तोंड उघडलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी फोडीला हात लावला नाही. "खा," साहेब म्हणाले. मी टेम्पोची किल्ली उचलली आणि निघालो. काकू मागून हाक मारत होत्या, तरी थांबलो नाही. स्वतः निवडून स्वतः बांधलेल्या त्या काडीचं फळ गोड होतं का, हे मला माहीत नाही.