चिकाने धरलेली बटणं

नवऱ्याचं ते घड्याळ मला कधीच आवडलं नाही. वेळ दाखवतं म्हणून त्याला घड्याळ म्हणायचं. एरवी ते मुकादमच होतं. निवृत्तीनंतर नवऱ्याला पळायचा नाद लागला. जळगावात मेहरूण तलावाभोवती सकाळी रंगीत बूट घालून धापा टाकणारी जी मंडळी दिसतात, त्यांच्यात तो सामील झाला आणि त्यांच्यासारखंच जाड, काळं, कडेला पाच बटणं असलेलं घड्याळ घेऊन आला. मी पाणी पी म्हटलं की त्याला तहान नसायची. मनगटावर घड्याळ थरथरलं की तो तांब्या उचलायचा. रात्री झोप कशी लागली हे तो सकाळी घड्याळाला विचारायचा. मी शेजारीच झोपलेली असायचे, मला कधी विचारलं नाही.

गावाकडच्या केळीच्या बागेत घड कापायलाही तो ते घालूनच जायचा. केळीचा चीक पाण्यासारखा गळतो, पण वाळला की काळा पडतो आणि कापडावरून जन्मात निघत नाही. त्याचे सगळे शर्ट तसे डागाळलेले होते. घड्याळाच्या बटणांतही चीक गेला आणि एकेक बटण घट्ट होत गेलं. शेवटी शेवटी तो दोन्ही अंगठ्यांनी दाबायचा. मग तो गेला. हृदयाचा ठोका न् ठोका मोजणाऱ्या त्या मुकादमाने आधी काही कळवलं नाही. मी घड्याळ कपाटात टाकलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्याची थोरली बहीण, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, धरणगावहून आली. आमच्याकडे ब्राह्मणाबरोबर भाच्यालाही दान देतात: छत्री, चपला, भांडी, आणि गेलेल्या माणसाची एखादी वापरातली वस्तू. अक्कांनी कपाट उघडलं आणि नेमकं घड्याळ उचललं.

"मन्हा भाऊनी वस्तू शे. मन्हा पोऱ्यालेच जाई."

मी म्हटलं, "न्या की. पण त्याची बटणं दाबली जात नाहीत."

अक्कांनी घड्याळ विंचू हातात आल्यासारखं खाली ठेवलं. "बंद वस्तू दान देतस का कोनी? लोके काय म्हनतीन? बठ्ठं नीट करी ले पह्यले."

लोकांना दुसरा उद्योग नाही, असं मी मनात म्हटलं. तोंडाने हो म्हटलं. घड्याळ जाणार याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

कंपनीच्या काचेच्या दुकानात गार हवा होती आणि एक मुलगी होती, जिला हसायला शिकवलेलं होतं.

"मॅडम, वॉरंटी संपलीय."

"माहीत आहे. पैसे देते. बटणं दुरुस्त करून द्या."

"आम्ही रिपेअर करत नाही, मॅडम. बटण सुटं येतच नाही. तुम्ही असं करा ना, हे एक्सचेंजमध्ये द्या. नव्यावर छान सूट मिळेल. फक्त बटणं चालू पाहिजेत."

"बटणं चालू असती तर मी इथे कशाला आले असते?"

"तेच ना, मॅडम," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

मी आयुष्यभर धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पाठ निखळलेलं पुस्तक आम्ही बांधून घ्यायचो. वाचकाला नवीन घ्या म्हणून सांगत नव्हतो. पण पुस्तकं बांधणारे ते लोकही आता राहिले नाहीत आणि वाचकही. तरी सवयीने मी धुळ्यालाच गेले. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या एकाने, बारीक दाढी, कानात यंत्र, घड्याळ हातात घेऊन आधी काचेवर बोट घासलं.

"मावशी, याचा टच गेलाय."

"त्याला टच नाहीच. बटणांवरच चालतं."

"असं कुठे असतं का?"

"तुमच्या हातात आहे."

त्याला ते पटलं नाही. मी बटणं सोडून टच दुरुस्त करून घ्यावा म्हणून तो बराच वेळ माझं मन वळवत राहिला. मग कुठूनशी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली आणि मी नको म्हणेपर्यंत पाचही बटणांवर पिचकारी मारली. "आता बघा, मावशी. एकदम मक्खन." चीक तेलात भिजून त्याचं डांबर झालं. आधी निदान एक बटण अर्धंमुर्धं हलायचं, तेही बसलं. त्याने या कामाचे पैसे मागितले, तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग मागितले नाहीत.

परतीच्या बसमध्ये असताना अक्कांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, चाळिशीला आलाय, दोन मुलांचा बाप आहे.

"मामी, झालं का हो घड्याळाचं?"

"बघतेय. तुला येईल ना ते? पट्टा मोठा आहे."

"मी कुठे घालतो, मामी! माझं याच्यापेक्षा दोन मॉडेल पुढचं आहे. एक्सचेंजला टाकेन म्हणतो. पण पाचही बटणं चालली पाहिजेत हं, ते लोक एकेक दाबून बघतात."

त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणून त्याने लपवलं नाही. मामाचं घड्याळ तो त्या हसऱ्या मुलीच्या हातात देणार, ती ते खणात टाकणार, आणि त्यासाठी मी बसचे धक्के खात होते. फागण्याच्या पुढे कुठेतरी मला कळलं की आता ते घड्याळ मला घरातून जाऊ द्यायचं नाही. आवडत नव्हतंच, अजूनही आवडत नाही. पण ते त्याच्या मनगटाचं होतं. अक्कांना हे सांगून उपयोग नव्हता. मेलेल्याच्या वस्तूत जीव गुंतवला की मेलेला अडकतो, असं त्या मला चार बायकांत सांगणार, आणि चार बायका माना हलवणार.

तरी मी ते साफ करायला बसले. हो म्हटलं होतं, आणि अर्धवट काम मला बघवत नाही. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं, कान कोरायचे कापसाचे बोळे, दात कोरायच्या काड्या, जुना टूथब्रश. बटणाच्या कडेने स्पिरिट सोडायचं, थांबायचं, दाबायचं, पुसायचं. आधी त्या धुळ्याच्या विद्वानाचं तेल निघालं. मग काळा चीक सुटायला लागला. त्याच्याखाली आणखी एक थर होता, राखाडी, मळकट, खारट असावा असा. कापसावर आला तेव्हा मी तो नखाने चोळून बघितला आणि मग मला कळलं की तो घाम आहे, त्याचा. अंगावरचा मळ, तलावाकाठची धूळ, उन्हाळ्यातला घाम. वर्षभर घर धुऊन, चादरी वाटून, शर्ट देऊन त्याचं अंग असं म्हणावं ते घरात काही उरलं नव्हतं. इथे होतं. कंपनीच्या भाषेत बिघाड म्हणून.

मी चार बटणं साफ केली. टक टक वाजायला लागली. पाचव्याला हात लावला नाही. स्पिरिटची बाटली बंद करून ठेवली आणि बोळे मात्र फेकवले नाहीत लवकर.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगत उठल्यावर दानाचं सामान मांडलं. घड्याळ मी चार्ज करून, पुसून, छत्रीशेजारी ठेवलं होतं. कोणाला काही सांगितलं नाही. भाच्याने पाटावर बसून नमस्कार केला आणि पहिल्यांदा घड्याळच उचललं. ते लोक दाबून बघतात तसंच त्याने एकेक बटण दाबायला सुरुवात केली. चौथ्यापर्यंत त्याचा चेहरा उजळत गेला. मग तो अंगठा बदलून पुन्हा दाबू लागला.

"मामी, हे एक दाबलं जात नाहीये."

"नाही जात," मी म्हटलं.

"मग नाही हो घेणार ते."

अक्का स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या. कोण घेणार नाही, हे त्यांनी विचारलं नाही. दानाबद्दलच बोलतोय असं त्यांना वाटलं. "एक बटन बंद शे?"

"हो, अक्का. पुष्कळ केलं मी."

"मग ठेव खाले," त्या मुलावर खेकसल्या. "बंद वस्तू दानमां लेतस का, येडा! शिकेल शे ना तू?"

त्याने घड्याळ ठेवलं. मी उचलून पदराखाली घेतलं. बाकीचं सामान त्याने पिशवीत भरलं: छत्री, चपला, तांब्या, पेला, सतरंजी. ते सगळं मी आदल्या दिवशी बाजारातून आणलेलं होतं, लेबलं अजून चिकटलेली. त्यातल्या कशालाही माझ्या नवऱ्याचा हात लागलेला नव्हता. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या की भावाचं सगळं नीट पोचलं.