बिबड्यांचा घाटा आणि जहाजाची तार

आज शेजारी बिबड्यांसाठी, म्हणजे आपल्या खानदेशी पापडांसाठी, आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजतोय, आणि त्या वासानं मला धुळ्याच्या गच्चीवर नेऊन ठेवलं. तेव्हा मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. समुद्री जीव गोळा करत वर्षभर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका परदेशी जहाजावर माझी निवड झाली होती आणि होकार त्याच दिवशी तारेनं कळवायचा होता.

गल्लीतल्या बायका त्या दिवशी पाळीप्रमाणे आमच्याकडे बिबडे थापायला आल्या होत्या. ओल्या फडक्यावर थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "जाय वं माय, बठ्ठं मी देखी लिसू. त्या गोरासले बी दोन बिबडा खावाड!"

बायका हसल्या. घर, मुलं, सगळं बघून घ्यायला सासूबाई तयार होत्या, आणि तुमचे आजोबा तार करायला सायकल काढून उभेच होते.

मी घाट्याचा गरम गोळा उचलला आणि म्हटलं, "नाही म्हणून कळवून टाका. मी फार थकले आहे."

कॉलेज, दोन लहान मुलं, रोजचा स्वयंपाक. सगळ्या समुद्रांपेक्षा मला तेव्हा झोपेची ओढ जास्त होती.

पुढे लोक हळहळायचे, "सासूनं जाऊ दिलं नाही." नातवंडांनो, मी ते कधीच खोडून काढलं नाही. आणि सासूबाईंनीही, शेवटपर्यंत, नाही.