जवाईबुवांवर गुलाल

आमच्या मोटारीला छप्पर होतं, पण पावसाळ्यात तिच्यात छत्री उघडून बसावं लागे.

हिंगणघाटचा एक जिनिंग मॅनेजर ती वापरून वापरून कंटाळल्यावर बाबांनी हौसेनं घेतली. पाऊस आला की पुढच्या सीटवर, नेमकी पाहुण्याच्या मांडीवर, धार लागायची. चालवणारा कोरडा. (बिघाडालाही पाहुणा ओळखता येतो.)

एरवी सोसलं असतं. पण धोंड्याचा महिना लागला आणि जावयाला अनारशांचं वाण द्यायचं ठरलं. माझ्या धाकट्या बहिणीचे, कुमुदचे, यजमान कारंजाला कचेरीत होते आणि रुसण्यात निष्णात होते. मागच्या धोंड्याला अनारसे मोडके निघाले, तेव्हा त्यांनी दिवाळीपर्यंत कुमुदला माहेरी पाठवलं नव्हतं. यंदा दोघांना वर्ध्याच्या बसस्टँडवरून गाडीनं आणायचं होतं.

"पाणी कुठून येते ते तं पाहा आधी," माय म्हणाली.

बाबांचा संशय टपावर. त्यांनी टपाला डांबर फासलं. गाडी उन्हात वास मारू लागली आणि पावसात पूर्वीसारखीच गळू लागली. मग मी शास्त्रीय पद्धत काढली. गेल्या गणपतीतला उरलेला गुलाल पुढच्या काचेच्या रबराला आतून लावला, बाबांना आत बसवलं आणि बाहेरून बादल्या ओतल्या.

"दिसलं का जी बाबा?"

"दिसलं ना. माह्या धोतरावर दिसलं."

काचेच्या कोपऱ्यात रबर आकसलं होतं. नवं मिळणार नागपूरला, आणि जावई येणार सकाळी. पण आमचं हिंगणघाट कापसाचं गाव. कान दुखो की दाराला फट पडो, आमच्याकडे कापूस कोंबतात. मीही कोंबला, स्क्रू-ड्रायव्हरनं ठासून.

"पहिले गुलाल पुसजो रे," माय म्हणाली.

"झाकला गेला ना वं. कोनाले दिसते?"

वर्ध्याला जवाईबुवा पांढऱ्या टेरिकॉटच्या सफारीत उतरले आणि मानानं पुढच्या सीटवर बसले. कुमुद मागे. वाटेत पावसानं झोडपलं, पण आत एक थेंब नाही. माझी छाती फुगत गेली. (कापूसही फुगत होता, हे मला ठाऊक नव्हतं.) हिंगणघाटच्या चौकात म्हैस आडवी आली, मी करकचून ब्रेक दाबला, आणि वाटभर प्यायलेलं सगळं पाणी घेऊन बोळा सुटला.

जवाईबुवा कॉलरपासून गुडघ्यापर्यंत लाल झाले.

"झालं माहं माहेर," मागून कुमुद म्हणाली.

त्या दिवशी नेमका एका सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल होता. टपरीवरच्या जमावातला एक जण हार घेऊनच उभा होता. तो खिडकीशी वाकला.

"निवडून आले काय जी?"

जवाईबुवांनी रुसायला तोंड उघडलं, तोच गळ्यात हार पडला. त्यांनी हाराकडे पाहिलं, कॉलर सरळ केली आणि जमावाला हात जोडले.

"तुमची कृपा," ते म्हणाले. मग मला हळूच, "गाडी सावकाश घ्या. लोक पाहून राह्यले."

घरी त्यांनी यंदाचे मोडके अनारसेही वाखाणले. कुमुद पोळ्यापर्यंत माहेरी राहिली.

दुसऱ्या दिवशी तोच हारवाला मला बाजारात भेटला.

"तुम्ही पडलेले उमेदवार ना? काल तोंड पाहूनच समजलं. पडूनही निवडून आलेल्याची गाडी चालवून राह्यले होते. मन मोठं हाय तुमचं."

मीही हात जोडले.