बिछायतीचे रॅक

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही कोंबडीच्या पायाचं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कुणाच्या हाती हे लागलं तर सांभाळून घ्यावं.

आमच्या यांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाच्या मांडवाला सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज, कढया भाड्याने द्यायच्या. म्हणायला केंद्र, पण गोदाम म्हणजे आमचीच पुढची खोली. ती भरली तसं सामान स्वयंपाकघरात आलं. खालचा गंज हवा असला की वरचे सगळे उतरवा, मग पुन्हा चढवा. कुणी बाई भेटायला आली तर दारातच बसायची. मी कमी बोलणारी, पण एक दिवस म्हणालेच, "रॅक आणा, नाहीतर मी चूल अंगणात मांडते."

मग रॅक निवडण्यातच उन्हाळा गेला. लाकडाला उधळी लागते, आतून पोखरून टाकते. वेल्डिंगचं मजबूत, पण आमच्या दारातून आत येणार नाही. हे जरीपटका बाजारातल्या रॅकच्या दुकानात चकरा मारायचे, खोलीचं माप मात्र नेतच नव्हते. "अंदाज हाय ना मले," म्हणायचे. शेवटी मीच दोरीने भिंत मोजली आणि दोरी त्यांच्या खिशात घातली. ठरलं ते नटबोल्टचं, लोखंडी अँगलचं.

"ह्याची फळी खालीवर करता येते वं," हे म्हणाले. "उद्या माल वाढला तं?"

तो शब्द मी तेव्हाच धरायला हवा होता.

पैसे खापा गावच्या माझ्या दादाने उसने दिले. त्याच्यासमोरच मी यांना बजावलं, "दादाचे पैसे फिटेपर्यंत घरात नवीन चमचासुद्धा आणायचा नाही."

"ऐका जवाई, बाई बोलून राहिली," दादा हसला. यांनी मान डोलावली.

रॅक लागले. गंज खाली, कढया मध्ये, सतरंज्या वर. त्या दिवशी पाय लांब करून मी पोळ्या लाटल्या. हे वरच्या रिकाम्या फळीकडे बघत चहा पीत होते.

"जागा लय उरली," म्हणाले.

एरवी यांच्याकडून उधारी फिटता फिटत नसे. दादाचे पैसे मात्र भाडं हाती आलं की लगेच खाप्याला. दादा सगळ्यांना सांगे, जावई असावा तर असा. मी त्याला हळूच म्हटलं, "सावकाश घे ना पैसे, घाई काय आहे?"

"काहून वं? नवरा फेडून राहिला तरी तुले तरासच?"

याला काय सांगावं.

शेवटची रक्कम द्यायला हे स्वतः खाप्याला गेले. संध्याकाळी परतले ते हातगाडी घेऊनच. गाडीवर लोखंडी घडीच्या खुर्च्या, रॅकवर मावतील त्याच्या दुप्पट.

"फिटले वं पैसे," दारातूनच म्हणाले. "चुलीजवळची बाजू जरा मोकळी कर."

मी पोळपाट उचलला. बोलायला जागा नव्हती. दादाची पै न् पै फिटली होती.