दाजींनी आम्हाला कड्यावरून कसं आणलं

सिन्नरहून एसटी निघाली तसे दाजी (माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान) आम्हाला समुद्र शिकवू लागले. स्वतः त्यांनी तो एकदाच पाहिला होता, तोही गाडीच्या खिडकीतून. मी नाशिकला शाळेत शिकवते, पण एवढं सलग मलाही बोलता येत नाही.

रत्नागिरीच्या अलीकडे एका गावात उतरलो. सकाळी घरगुती खानावळीच्या काकूंनी आंबोळ्या (तांदूळ-उडदाची जाळीदार धिरडी) वाढल्या. दाजींनी सहा खाल्ल्या आणि तिखट नाही म्हणून कुरकुरले. कड्यापलीकडे सुंदर पुळण (वाळूचा किनारा) आहे, काकू म्हणाल्या. जायला वाटा दोन. एक कड्याच्या अंगावरून, दुसरी ओहोटीला खालच्या वाळूवरून. अक्काला उंचीची भयंकर भीती. गच्चीवर वाळवण घालतानाही ती कठड्याजवळ जात नाही. म्हणून खालची वाट ठरली. अकराच्या आत माघारी फिरा, मग पाणी चढतं, असं काकूंनी दोनदा बजावलं.

पुळण खरंच देखणी होती. मागे तांबडा कडा, समोर निळं पाणी, आणि आम्हा तिघांशिवाय कुणी नाही. अक्का लहान मुलीसारखी शिंपले वेचत होती. अकरा वाजले तशी मी घाई केली. दाजी वाळूत आडवे झालेले.

"पाऊस नाय, धरणाचा दरवाजा उघडला नाय, मग पाणी चढंल कसं?" ते म्हणाले.

घ्या! मी भरती समजावली, चंद्र समजावला. दिवसा कुठला चंद्र, म्हणून त्यांनी तोंडावर टोपी ओढली. मी कपाळावर हात मारला.

शेवटी निघालो तेव्हा साडेबारा झाले होते आणि वाट गायब होती. आलो तिथे कमरेएवढं पाणी खडकांवर आपटत होतं. आता कड्याशिवाय इलाज नव्हता. अक्का पांढरीफटक पडली.

वाट जेमतेम पाऊल मावेल एवढी, त्यात माती भुसभुशीत. खाली फेस, लांबवर होड्या. देखावा अप्रतिम असणार, पण बघतंय कोण! दाजी पुढे होते. अर्ध्यावर जरा रुंद जागा आली आणि ते मटकन खाली बसले. मला जमायचं नाय, म्हणाले.

अक्का खडकाला धरून त्यांच्या पुढे गेली. "अहो, खाली बघू नका. माझ्या पाठीकडं बघा आन् चला."

ते उठले. अक्का दर पावलाला आधी खडक चाचपत होती, मला मागून दिसत होतं. पण पलीकडे पोचेपर्यंत ती एकदाही थांबली नाही.

सिन्नरच्या स्टँडवर शेजारी भेटले आणि दाजींना जोर आला. दोघी लय घाबरल्या होत्या, मीच एकेक पाऊल टाकायला लावून आणलं, असं सांगू लागले. मी तोंड उघडणार तोच अक्काने माझा हात दाबला.

"सांगू दे गं," ती हळूच म्हणाली. "मला म्हाईत हाय ना, बास."

तिला बास असेल. मला नाही. म्हणून हे सगळं लिहून ठेवलं.