दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवलेला टर्बो

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुकानदारानं सुटे पैसे बरोबर दिले तरी मी ते दोनदा मोजतो. बायको म्हणते, तुमचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही. एका मित्रावर मात्र मी वीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला होता. वर्ध्याकडच्या तळेगावात रस्त्याला लागून आमचं दुकान आहे. एकाच शटरच्या आत डावीकडे माझी लेथ मशीन आणि वेल्डिंग, उजवीकडे त्याचं डिझेल गाड्यांचं काम. किल्ली दोघांकडेही असते.

कुणीतरी मोटारसायकलला कारचा टर्बो बसवलेला मी मोबाईलवर पाहिला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. माझी जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल होतीच. मित्र आधी हसला, मग स्वतःच वर्ध्याच्या भंगारातून एका छोट्या डिझेल गाडीचा टर्बो घेऊन आला. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. बोट लावलं की त्याचा दांडा आवाज न करता फिरत राहायचा. सायलेन्सरच्या नळीला जोडायची चकती मी लेथवर काढली, टर्बोला पेलणारा लोखंडी पाय वेल्ड केला. तेलाची नळी त्यानं जुळवली.

"हा मिनिटाले लाखाच्या वर फेरे मारते," तो म्हणाला होता. "तेल नाई भेटलं तर जाग्यावर जळते."

तेवढ्यात दसरा आला. दरवर्षीसारखा तो घरच्यांना घेऊन दोन दिवसांसाठी नागपूरला दीक्षाभूमीवर निघाला. जाताना म्हणाला, "मी आल्यावर बसवू. तोवर हात नको लावू."

मी लावला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. लेथ पुसली, नट कसायचे पाने रॉकेलनं धुतले, सगळं पाटावर मांडलं आणि टर्बो मधोमध ठेवला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक दारात आलेला असताना काम कशाला थांबवायचं, म्हणून फूल बाजूला करून तेलाची नळी तिथेच कसून टाकली. कसताना टर्बोचे दोन भाग आवळून धरणाऱ्या पट्ट्याच्या बोल्टांवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे दिसले. म्हणजे मला न सांगता त्यानं तो उघडला होता. सणाच्या दिवशी माझं तोंड कडू झालं.

नागपूरहून आल्या आल्या त्यानं नळी पाहिली. "हात नको लावू म्हटलं होतं न. लावाच्या आधी आतमंदी पाह्यलं का?"

"मले काम येते," मी म्हणालो.

पण हा असं काऊन विचारून राह्यला, हे काही डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात त्याला फोन यायचे आणि तो ते बाहेर जाऊन घ्यायचा. त्याआधी वर्ध्याचा एक गाडीवाला आला होता, तो टर्बोकडे बराच वेळ पाहत उभा होता. सुतावरून स्वर्ग गाठायला मला एवढं पुरे असतं. चांगला टर्बो त्या माणसाला गेला आणि माझ्या माथी दुसराच मारला, असं मी ठरवूनच टाकलं. त्याच्याशी हसून बोलत होतो आणि आतून त्याच्या हातांवर नजर ठेवून होतो.

टर्बो गाडीवर चढवून झाला आणि एका सकाळी मी आष्टीच्या रस्त्यावर गाडी काढली. तो त्याच्या स्कूटरवर मागून येत होता. वेग वाढला तशी टर्बोची शिट्टी चढत गेली आणि गाडी अशी पुढे ओढली गेली की मला हसू फुटलं. मग पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला, मागे निळा धूर उठला, शिट्टी बंद झाली. मी गाडी कडेला घेतली. तो स्कूटर लावून वाकून पाहायला लागला.

"बदलला तू हा," मी म्हणालो. "त्या वर्धेवाल्याले देला."

"मी काऊन बदलीन?"

"तुम्हा लोकांवर भरवसाच नाई ठेवाले पाह्यजे."

वीस वर्षांत हे माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. रागात निघालं, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. पण जे आत नसतं ते रागातही बाहेर येत नाही.

तो सरळ उभा राहिला. "कोन लोक?"

मी हँडल धरून गाडी वळवली. स्कूटर तिथेच ठेवून आम्ही ती ढकलत आणली. दुकानात त्यानं पाना माझ्या हातात दिला.

"तूच उघड. मी हात नाई लावत."

तेलाची नळी सोडली. टर्बोच्या तोंडाशी, जिथून तेल आत उतरतं त्या बारीक भोकात, तांदळाचा एक दाणा आडवा अडकला होता. तेलानं काळा पडलेला, टोकाला अजून कुंकू. खाली आणखी दोन होते. त्या भोकात त्यानं कापडाचा बोळा घालून ठेवला होता. बोळा मळका होता, पूजेला तसा कसा ठेवायचा, म्हणून मीच तो उपसून फेकला होता. ओरखड्यांचंही त्यानं सांगितलं. कारमध्ये टर्बो ज्या कोनात बसतो त्या कोनात मोटारसायकलवर त्यातलं तेल खाली उतरत नाही, म्हणून त्यानं पट्टा सैल करून तो फिरवून घेतला होता. फोन मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचे होते, हे त्याच्या बायकोकडून नंतर कळलं.

माझ्या तळहातावरचे दाणे पाहून तो एवढंच म्हणाला, "तांदूळ आहे." आणि हात धुवायला गेला.

मी माफी मागितली. तो "चालते" म्हणाला. दुकान अजून एकच आहे, चहाही सोबतच होतो. फक्त त्या दिवसापासून घरी जायच्या आधी तो हत्यारांची पेटी माझ्यापुढे उघडतो, पिशवी उलटी करतो आणि म्हणतो, "पाहून घे, मंग जातो." त्यात टोमणा नसतो, रागही नसतो. मी किती वेळा हात जोडले. तो म्हणतो, "असू दे. बरं राह्यते."

मी रोज नको म्हणतो. आणि म्हणता म्हणता माझी नजर पेटीत एकदा फिरून येते.